बंदूक ठाण्यात, माकडं बागेत : जिल्हादंडाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हादंडाधिकारी महोदय,

स. न. वि. वि.

झेडपीच्या निवडणुकीचं वारं सुटलं आणि पोलीस पाटील पुन्हा दारात उभे राहिले. "शस्त्र जमा करा, वरून आदेश आहे." 2024 च्या विधानसभेला जमा केलेली माझी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज, घोडा वाकलेला आणि दस्त्याला बोटभर चीर होती. इतर बंदुकांबरोबर सुतळीने मोळी बांधून ती ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. हवालदार म्हणाले, "आधीपासूनच असेल." पावतीवर बंदुकीचा क्रमांक तेवढा, ती कोणत्या स्थितीत घेतली याबद्दल अवाक्षर नाही. त्यावेळी आपल्याच कार्यालयातून सांगितलं गेलं की पुढच्या खेपेला सरसकट कुणाचं शस्त्र घेणार नाही. पुढची खेप आली. ते आश्वासन कोणत्या ठाण्यात जमा आहे, कळवावे.

मी कोकणातला शेतकरी, परवाना शेतीसंरक्षणाचा. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली 16 मार्चला, निकाल लागला 4 जूनला. म्हणजे काजू आणि आंबा, दोन्ही हंगाम माझी बंदूक आपल्या ताब्यात आणि माझी बाग माकडांच्या ताब्यात. खातात त्याचं दुःख नाही हो. कोवळा आंबा तोडतात, एक चावा घेतात, टाकतात, पुढचा तोडतात. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं. रानडुकरांनी एका रात्रीत भाताचे दोन कुणगे (खाचरं) लोळवले. जनावर मारायची हौस कुणाला आहे? हवेत एक बार काढला की कळप पांगतो, एवढंच त्या बंदुकीचं काम. मी पत्र्याचा डबा बडवत बसलो होतो. आई म्हणाली, "माकडांका आता तुझी पावती दाखवची काय?"

शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, हे आपला कारकून सांगण्याआधी मीच सांगतो. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने तो हक्क ठरावात घातला होता. 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो मांडून पाहिला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, विषय तिथेच मिटला. मिटू दे. पण शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 13 वाचा. खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना देणं तिथे बंधनकारक केलंय. नाकारायचा तर कलम 14 मधलं कारण लागतं. निलंबित करायचा तरी कलम 17 प्रमाणे कारण लेखी नोंदवावं लागतं. मग पीक उभं असताना तीच बंदूक विनाकारण उचलून न्यायची, हे कुठल्या कायद्यात बसतं? संविधानाचं कलम 300अ सांगतं, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. संविधानाचंच कलम 14 समानता सांगतं. दंगलीतला आरोपी आणि मी एकाच सुतळीत बांधले गेलो, ही तुमची समानता!

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे. 2009 मध्ये निवडणूक आयोगाने सूचनाही काढल्या. छाननी समिती बसवा. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांची प्रकरणं तपासा आणि मग शस्त्र जमा करायला सांगा. समितीत पोलीस अधीक्षकांबरोबर आपण स्वतः असता, महोदय. माझं प्रकरण कधी तपासलंत? माझ्यावर सायकलला दिवा नसल्याचासुद्धा खटला नाही. यावर आपल्याकडून मिळालेलं उत्तर तर सोन्याने मढवावं असं : "ते केंद्राच्या आयोगाचं. झेडपीची निवडणूक राज्याच्या आयोगाची." मग झेडपीपुरतं संविधान रजेवर जातं काय?

आणि शांतता कुणापासून धोक्यात आहे? फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरला गोळीबार झाला तो पोलीस ठाण्याच्या आत, आणि आरोपी कोण, तर आमदार. बीडमध्ये बाराशेच्या वर परवाने वाटल्याचा गदारोळ सगळ्या महाराष्ट्राने ऐकला. गावठी कट्टेवाला तर आपल्या नोटिशीच्या भानगडीतच पडत नाही, त्याचं नाव आपल्या यादीत नाही. यादीत आम्ही, कारण आम्ही नूतनीकरणाचं चलन वेळेवर भरतो. पुढाऱ्याच्या मागे सरकारी पगाराचा बंदूकधारी फिरणार, आणि आमच्या नुकसानीला तलाठी, कृषी सहायक, वनरक्षक असा तिघांचा पंचनामा. तिघे एका दिवशी भेटतील तर शपथ. साहेब, 1878 साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला तो रयतेवर विश्वास नव्हता म्हणून. तुमचा आहे का?

माझी मागणी फार नाही. आदेश माझ्या नावाने, कारणासह, सहीशिक्क्यानिशी द्या. घेताना बंदुकीच्या स्थितीचा पंचनामा माझ्यासमोर करा आणि मागच्या दुरुस्तीचा खर्च द्या. तोवर पोलीस पाटलांच्या तोंडी निरोपावर बंदूक घराबाहेर पडणार नाही. कारवाई करायची असेल तर तीही लेखी करा, म्हणजे मला न्यायालयात जोडायला कागद मिळेल.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी

ता. क. : पोलीस पाटलांना या पत्रावरून बोलू नये. त्यांचीही बंदूक त्याच मोळीत होती.