.२२ रायफल रानडुकरासाठी नाही, आणि नवी असेल तर आधी झिरो करा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पेपरात रानडुक्कर, माकडं आणि बिबट्यावरून वाचकांची पत्रं येतायत ती मी वाचतेय, त्यातलं एक पत्र डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय की पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला सरळ एकेक .२२ रायफल द्या, हलकी असते, धक्का नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त, लायसन्स सोपं करा की झालं काम. भुईमूग उपटून टाकलेलं शेत मी पण बघितलंय, राग येतो, मान्य. पण हे पत्र लिहिणाऱ्या दादांनी .२२ कधी चालवली असेल असं मला वाटत नाही. मी कॉलेजात एनसीसीत ही रायफल हातात घेतली, पुढे क्लबात बरीच वर्षं लेटून ५० मीटरवर मारलं, त्यामुळे थोडं सांगते, लांबलं तर कात्री लावा.

आधी ताकदीचं. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय, गोळी शिशाची, वजन ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडं वर. नळीतून निघताना तिची ताकद साधारण दीडशे ज्यूल. .३०-०६ सारख्या मोठ्या शिकारी रायफलीची जवळजवळ चार हजार. रानडुकराच्या खांद्याला जाड कातडं आणि चरबी असते, त्यावर ही गोळी मारली तर तो मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येतो. बिबट्याचं तर नावच काढू नका, तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये येतं, उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती परवानगी म्हणजे घरातली कुठली पण बंदूक काढा आणि सुटा असं नाही.

आणि गंमत म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, मुळात हे सगळं वेगवेगळं लिहूनच ठेवलं होतं. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी निदान २० इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक, आणि .२२ रायफल कुणाला तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मेंबरला, टार्गेट प्रॅक्टिससाठी. कायदा करणाऱ्यांना तेव्हा कळलं होतं की ही रायफल नेमकी कशासाठी आहे.

मग शिकारीसाठी .२२ वापरतच नाहीत का? वापरतात, पण तिकडे, आणि सशाला. माझा भाचा न्यूझीलंडला ओटागोत असतो, तिथे गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेले ससे इतके झाले की गवत राहत नाही, मेंढ्यांवाले हैराण, त्यामुळे सशाची शिकार तिथे कायदेशीर आहे आणि लोक आनंदाने करू देतात. त्याने लायसन्स काढून नवी बोल्टवाली .२२ घेतली, वर दुर्बीण बसवून आणली, आणि मला व्हिडिओ कॉल, "आत्या, दुकानदार म्हणाला सेट करून दिलीय, उद्या जाऊ का?" म्हटलं अजिबात जाऊ नकोस, आधी झिरो कर, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवून घे. दुकानात टेबलावर जे करतात ते फक्त नळी आणि दुर्बीण एका दिशेला आणणं असतं, गोळी कुठे जाते ते गोळी मारल्याशिवाय देवाला पण कळत नाही.

मग पुढचे वीकेंड आमचा फोनवरून क्लासच चालला. तो इथे लिहितेय कारण नाशिकमध्ये पण क्लबात नवीन पोरं रायफल घेतात आणि पहिल्याच दिवशी ५० मीटरवर टार्गेट लावून "रायफल खराब निघाली" म्हणून तोंड पाडून बसतात.

पहिलं म्हणजे स्क्रू. लाकडी दस्त्याला नळी धरून ठेवणारे आणि दुर्बिणीच्या रिंगांचे, सगळे. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग नळीतून पॅच म्हणजे कापडाचा तुकडा फिरवून फॅक्टरीचं तेल काढायचं. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, नळीच्या मागून डोळा लावून २५ मीटरवरचं काळं वर्तुळ नळीच्या बरोब्बर मधे आणायचं आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच वर्तुळावर आणायची, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर तरी लागते. एवढं झालं की मगच काडतूस काढायचं.

पहिल्या काही गोळ्या मोजायच्याच नाहीत. साफ, थंड नळीतून त्या कुठेतरीच जातात, .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो तो नळीत बसला की मग रायफल स्वतःचं खरं बोलायला लागते. आणि एक गोळी मारली, दुर्बिणीचं टोपण फिरवून इकडे दोन क्लिक, परत एक, तिकडे तीन क्लिक, हे करणारे लोक अख्खा डबा संपवतात आणि होते तिथेच राहतात. पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून मारायच्या, लागतील तिथे लागू देत, त्या पाचांचा मध्य काढायचा, आणि मग क्लिक. भाचा तीन गोळ्यांचा चिकटलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दाखवून खूश होत होता, म्हटलं अजून दोन मार, त्या दोन गोळ्यांनी त्याची खुशी उतरवली.

क्लिकचा हिशोब इथे सगळ्यांचा चुकतो. बहुतेक दुर्बिणींवर पाव मिनिटाचा क्लिक असतो (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर, ५० ला साडेतीन, २५ ला पावणेदोन. टोपणावर लिहिलेला आकडा १०० यार्डाचा असतो, तो वाचून २५ मीटरवर क्लिक फिरवले तर चौपट लागतात आणि माणूस म्हणतो दुर्बीण अडकलीय. ५० मीटरवर ग्रुप ४ सेंटिमीटर खाली असेल तर ११ क्लिक वर, बस. २५ वर जमवून घ्यायचं आणि खरा झिरो ५० वर करायचा. दुर्बीण नळीपेक्षा ४ सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, वर येते, रेषा ओलांडते आणि पुन्हा खाली येते. ५० ला झिरो केलं तर २५ वर ती साधारण सेंटिमीटरभर वर लागेल, ७५ ला सात-आठ सेंटिमीटर खाली, आणि १०० मीटरवर वीतभर खाली. हे प्रत्येक अंतरावर कागद लावून स्वतः बघायचं, इंटरनेटचा तक्ता तुमच्या नळीला माहीत नसतो.

मग काडतुसं. माझ्या मते नवी रायफल तपासणं म्हणजे ऐंशी टक्के काडतुसं तपासणं. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेला असतो, पिन काठावर आपटते, काडतूस घरी परत भरता येत नाही, म्हणजे फॅक्टरीने जे दिलंय ते दिलंय. एकाच मॉडेलच्या तीन रायफली शेजारी ठेवा, एकीला एली कंपनीचं काडतूस आवडेल, दुसरीला एसके, तिसरीला लापुआ देऊन पण नखरे. लॉट नंबर बदलला तरी ग्रुप बदलतो. म्हणून चार-पाच प्रकारची थोडीथोडी घेऊन प्रत्येकीचे ग्रुप मारायचे, वहीत लॉट नंबर लिहायचा, आणि जी जमली तिचा साठा करायचा. प्रकार बदलला की पहिल्या काही गोळ्या परत सोडून द्यायच्या. लोक हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त वेगाची असं लिहिलेलं बघून भुलतात. ती गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते, वाऱ्यात पण साध्या गोळीपेक्षा जास्त वाहते, खोटं वाटेल पण असंच आहे, म्हणून मॅचवाले सगळे सावकाश गोळी वापरतात. आडवा वारा तासाला १६ किलोमीटर असेल तर साधी गोळी पण ५० मीटरवर अडीच सेंटिमीटर सरकते. आपल्याकडे जूनपासून पश्चिमेचा वारा सुरू झाला की झिरो करायला बसूच नये, थंडीतली सकाळ घ्यावी, फक्त निफाडसारखा गारठा असेल तर काडतुसं पण गार पडतात आणि गोळी जराशी खाली लागते हे लक्षात ठेवावं.

भाच्याला मी सांगितलं होतं की ५० मीटरवर दहाच्या दहा गोळ्या अडीच सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत सशावर जायचं नाही. सशाचं डोकं केवढंसं असतं, त्यात चुकलं की पोटात लागतं आणि तो बिळात जाऊन तडफडत मरतो. त्याने ऐकलं. ७५ च्या पुढे तो मारत नाही.

आता आपल्याकडे वळते. हंटिंग रायफल असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे, त्यामुळे इथे .२२ म्हणजे कागद. आणि कागदावर मारण्यात आपलं नाशिक काही कमी नाही. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुण करून ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, पण शिकला इथे, भोसला मिलिटरी स्कूलला, नेमबाजी इथेच धरली. ज्या टार्गेटवर त्याने मारलं त्यातला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, गोळी ५.६ ची. रायफल झिरो नसेल तर तिथे ऑलिम्पिकवाला पण काही करू शकत नाही.

तरी ज्याच्याकडे लायसन्स आहे पण जो मोठ्या संस्थेत नाही, त्याने आपली रायफल किंवा बंदूक तपासायची कुठे? १० मीटरच्या एअर रायफलच्या रेंज गल्लोगल्ली झाल्यात, चांगलंच आहे, पण ५० मीटर आणि मागे मातीचा भक्कम बांध अशी जागा सामान्य माणसाला मिळत नाही. मग लोक काय करतात ते पोलिसांना पण माहीत आहे आणि आपल्याला पण, कुठल्यातरी बंद खाणीत नाहीतर शेततळ्यावर जातात. खाणीत समोर काळा पाषाण असतो, शिशाची गोळी त्यावरून उलटी येते, पाण्यावरून तर ती चपट्या दगडासारखी उड्या मारत पलीकडे जाते. नळी वर असताना सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत पण जाऊ शकते, आणि आपल्या जिल्ह्यात दीड किलोमीटर मोकळं कुठे राहिलंय, मधे वस्ती असतेच. लायसन्ससाठी २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षेचं ट्रेनिंग लागतं, सर्टिफिकेट जोडावं लागतं. ट्रेनिंग झालं, रायफल आली, आणि ती कुठे तपासायची याचं उत्तर त्या कागदात नाही. त्यात वर्षाला काडतुसं किती हे लायसन्सवर लिहिलेलं, म्हणून माणूस ती जपून ठेवतो आणि रायफल झिरो न करताच कपाटात.

माझं मागणं एवढंच आहे की जिल्हा प्रशासनाने आणि ज्यांच्याकडे रेंज आहे त्या संस्थांनी मिळून महिन्यातला एक रविवार लायसन्सवाल्यांसाठी ठेवावा, फी घ्या, लायसन्स तपासा, रेंज ऑफिसर उभा करा, आणि तपासणीत मारलेली काडतुसं वर्षाच्या हिशोबात वेगळी धरता येतील का ते बघा. हे सुरू होणार असेल तर स्पॉटिंग स्कोपवर बसून गोळ्या कुठे लागतायत ते सांगायला मी येईन, माझ्यासारखे जुने क्लबवाले अजून पाच-सहा जण तरी तयार होतील, फक्त सकाळी सातच्या आत सुरू करा, नऊनंतर वारा सुटतो.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक