सेंट लुईसचे जळके कागद

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत की दुसऱ्या महायुद्धातल्या त्या अमेरिकी कृष्णवर्णीय वैमानिकांची मुलं, स्वतः सत्तरीला आलेली असताना, वडिलांच्या नावाने अजून खेटे कशाला घालतात? पदक मिळालं, संग्रहालय झालं, मग राहिलं काय? राहिलेत ते कागद. माझं रोजचं कामच त्यांचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तुझ्या कामाचं शेवटी आहे.

१९२५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजने अहवाल लिहिला होता की कृष्णवर्णीय माणूस लढाईतल्या जबाबदारीला मुळातच कमी पडतो. त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी अलाबामातल्या टस्कीगीला त्यांच्यासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. ७ मार्च १९४२ ला पहिल्या तुकडीतल्या पाच जणांना वैमानिकाचे पंख मिळाले. १९४६ पर्यंत हा आकडा हजाराच्या आसपास गेला. त्यांची ९९वी स्क्वाड्रन १९४३ मध्ये पी-४० लढाऊ विमानं घेऊन उत्तर आफ्रिकेत उतरली. १९४४ च्या जुलैपासून त्यांचाच ३३२वा फायटर ग्रुप इटलीतल्या रामितेल्लीहून लाल शेपटीची पी-५१ उडवू लागला. त्याच जुलैच्या १० तारखेला, तिथून वायव्येला तायबरच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह सापडला नाही, त्यामुळे त्यांचं नाव आहे ते इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर.

आता कागद. सेवापुस्तिका सेंट लुईसच्या केंद्रीय अभिलेखागारात असतात. १२ जुलै १९७३ ला त्याच्या तेव्हाच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली, आणि दप्तराच्या भागात ना पाण्याचे फवारे होते, ना आग अडवणाऱ्या भिंती. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, यादीसुद्धा नव्हती. भिजलेले गठ्ठे वाळवायला मॅकडॉनल डग्लसची निर्वात खोली वापरली. मर्क्युरी आणि जेमिनी यानांच्या चाचण्यांसाठी बांधलेली ती खोली, हे तुम्हाला आवडेल.

आगीचा फटका कोणाला बसला, हे सेवेतून सुटल्याच्या तारखेवर ठरतं. टस्कीगीचा वैमानिक १९४५-४६ मध्येच घरी गेला असेल तर तो लष्कराच्या हिशेबात येतो, म्हणजे ८० टक्क्यांत. पुढे स्वतंत्र हवाई दलात राहून १९६४ च्या आधी सुटला असेल तर आडनाव बघायचं. तिथे फायली वर्णानुक्रमे लावलेल्या होत्या आणि ‘हबर्ड, जेम्स ई.’ नंतरच्याच जळल्या, त्यातल्या ७५ टक्के. १९६४ नंतर सुटलेल्यांचं नशीब बरं.

अर्ज एसएफ-१८० या फॉर्मवर किंवा ऑनलाइन करता येतो. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते क्रमांकावर. हे लोक आधी साधे सैनिक म्हणून भरती होत, तेव्हा आठ आकडी क्रमांक मिळे. अधिकारी झाल्यावर ‘ओ’ने सुरू होणारा नवा. दोन्ही लिहायचे. सोशल सिक्युरिटी क्रमांक लावून त्या काळची फाइल मिळत नाही, कारण तो सेवाक्रमांक म्हणून १९६९ पासून आला. दुसरी अडचण नात्याची. सुटून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांना खुली होते आणि प्रतीची फी भरावी लागते: पाच पानांपर्यंत २५ डॉलर, त्यावर ७०. बासष्ट झाली नसतील तर जोडीदार, आईवडील, भावंडं किंवा मुलगा-मुलगी यांचीच सही चालते आणि मृत्यूचा दाखला लागतो. नातवंडं नियमात बसत नाहीत, आणि धावपळ बहुतेक घरांत तीच करतात! म्हणून मी सांगते, म्हाताऱ्या मुलाची सही आज घ्या.

‘फाइल उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं की लोक थांबतात. थांबू नये. एनए १३०७५ हा फॉर्म भरून दिला की इतर दप्तरांतून फाइल पुन्हा जुळवायचा प्रयत्न होतो. शेवटच्या पगाराचं व्हाउचर सापडतं. तुकडीचे रोजचे हजेरी-अहवाल मायक्रोफिल्मवर आहेत, त्यात रजा, दवाखाना, बदली सगळं दिसतं. विमान परत आलं नसेल तर बेपत्ता वैमानिकांचा अहवाल असतो. ग्रुपच्या मोहिमांचे अहवाल माँटगोमरीच्या मॅक्सवेल तळावर आहेत. आणि हमखास विसरलं जाणारं ठिकाण म्हणजे गावचं काउंटी कोर्ट. युद्धावरून आल्यावर कित्येकांनी सेवामुक्तीचा दाखला तिथे नोंदवून ठेवला होता.

फाइल मिळाली तरी ती नीट वाचावी लागते. १९४५ च्या एप्रिलमध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब वेगळा ठेवला होता. तो वेगळेपणा मान्य असल्याच्या कागदावर सही करायला १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि ते अटकेत गेले. त्यांच्या फायलींत ठपक्याची पत्रं लागली. १९९५ मध्ये हवाई दलाने ज्या पंधरा जणांनी मागणी केली होती त्यांची पत्रं काढली, आणि बाकीच्यांची मागणी आली की काढू असं सांगितलं. म्हणजे ज्याने मागितलं नाही, त्याच्या फायलीत ठपका तसाच राहू शकतो. मला विचाराल तर वडिलांच्या नावाच्या संगमरवरी पाटीच्या आधी हे बघावं.

पाटीवरून आठवलं. त्यावर ‘यांच्या संरक्षणात एकही बॉम्बर पडला नाही’ हे वाक्य घालायचा मोह प्रत्येक घराला होतो. ही दंतकथा १९४५ पासूनची आहे. हवाई दलाच्याच इतिहासकारांनी मोहिमांचे अहवाल आणि बेपत्ता बॉम्बर एकेक करून ताडून पाहिले, तेव्हा किमान २७ बॉम्बर पडलेले निघाले. पण त्यांच्याच पंधराव्या हवाई सेनेतल्या इतर एस्कॉर्ट (संरक्षक) ग्रुपांची सरासरी ४६ आहे. मग खोटं वाक्य कशाला? शत्रूची ११२ विमानं हवेत पाडली, आणि २४ मार्च १९४५ ला बर्लिनच्या मोहिमेत तीन जर्मन जेट मेसरश्मिट विमानं पाडली, एवढं कागदावर पक्कं आहे.

पदकाचं थोडक्यात. अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे संसदेचं, सुवर्णपदक २९ मार्च २००७ ला मिळालं. सोन्याचं एकच, ते स्मिथसोनियनकडे; त्याच्या काशाच्या प्रती टांकसाळ विकते, तीन इंची आणि दीड इंची. त्यावर तीन चेहरे आहेत: अधिकारी, मेकॅनिक आणि वैमानिक. मेकॅनिक बघून बाबा, तुमच्यासारख्या इंजिन फिटरला बरं वाटेल.

थडग्याचा दगड सरकार फुकट देतं. उभा संगमरवरी ४२ इंच उंच, १३ रुंद, ४ जाड, वजन १०० किलोच्या वर. आडवा ग्रॅनाइट २४ बाय १२. घरच्यांनी आधीच स्वतःचा दगड बसवला असेल तर त्यावर लावायचं पदक मिळतं, पण दगड आणि पदक दोन्ही नाही. कोरायचा मजकूर अर्जात लिहिताना दलाचं नाव तपासायचं. १९४७ पूर्वीच्या माणसाला ‘हवाई दल’ लिहिलं तर ते चूक, कारण तेव्हा ते लष्कराचं ‘आर्मी एअर फोर्सेस’ होतं. शवपेटीवरचा ध्वज पाच फूट बाय साडेनऊ, एका सैनिकाला एकच. हरवला तर दुसरा मिळत नाही. तो अंगणात फडकवायचा नसतो, ऊन-पावसात टिकत नाही.

आई, आता गणवेश. लोकरी कोट ड्रायक्लीनला दिला तर अस्तरावर शाईने लिहिलेलं नाव-क्रमांक जाऊ शकतं, आणि तोच तर पुरावा. व्हॅक्युमच्या तोंडाला जाळी बांधून अगदी हलक्या ओढीने धूळ काढायची. कसर असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव धरून कापड ओलं होतं. पिना आणि बिल्ले काढून वेगळे, कारण गंज कापड खातो. कुठे काय होतं त्याचा फोटो आधी घ्यायचा. घडीत आम्लरहित कागदाचे बोळे, वरून मलमल, तू पैठणी ठेवतेस तसं. फक्त डांबराच्या गोळ्या नकोत. चामड्याच्या जॅकेटला तेल लावायचं नाही, चिकट होऊन काळं पडतं.

आणि माणूस हयात असेल तर या सगळ्याआधी त्याचं बोलणं घ्यायचं. लायब्ररी ऑफ काँग्रेस सैनिकांच्या मुलाखती कायमच्या जतन करते. किमान ३० मिनिटांची, सैनिकाच्या स्वतःच्या तोंडून. मुलाने सांगितलेली वडिलांची गोष्ट सहसा घेत नाहीत. प्रश्न नुसते ‘भीती वाटली का’ असे नकोत. कुठला तळ, कुठलं विमान, शेपटीवरचा क्रमांक, विमानाची देखभाल करणारा क्रू चीफ कोण, असे विचारले की आठवण आपोआप सुटते आणि कागदाशी ताडता येते.

तेव्हा बाबा, तुमचा सर्व्हिस नंबर आणि पोस्टिंगची यादी वर्षांसकट एका कागदावर लिहून व्हॉट्सॅपवर पाठवा. पहिली बाजू भरली तर मागेही लिहा. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो दादाला काढायला सांगा, कोरी पानं धरून. मी पुढच्या रविवारी अर्धा तास मोकळा ठेवलाय.

तुमची,
शुभा