गोळी मिळते, पोटात जात नाही

महाराष्ट्रात पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. करवीर-शाहूवाडीतल्या महिला सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला-बालकल्याणासाठीचा १० टक्के निधी नुसत्या शिलाई मशीनवर संपवू नये. त्यातून हिमोग्लोबिन तपासणीची शिबिरे घ्यावीत. गरोदरपणी हिमोग्लोबिन (दर डेसिलिटर रक्तात) ११ ग्रॅमखाली गेले की रक्तक्षय. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाची गोळी मोफत मिळते, पण शौच काळे होते, मळमळते, म्हणून बाई घाबरून ती सोडते. हे आशाताईंनी आधीच सांगावे. चहासोबत गोळी नको (आपल्याकडे हेच अवघड!), कॅल्शियमसोबत तर नकोच, दोन तासांचे अंतर हवे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. महिला ग्रामसभेत हा विषय सरपंचताईंनी स्वतः काढावा, ग्रामसेवकावर सोडू नये.

– एक वाचक, कोल्हापूर