तुलना करायची तरी कशी?

महोदय,

परवा ऑनलाइन वॉशिंग मशीन शोधत होतो. पडद्यावर नुसत्या चौकटी. प्रत्येकीत मोठा फोटो, चांदण्या आणि सवलतीचा लाल शिक्का. क्षमता किती किलोची, वॉरंटी किती वर्षांची, हे कळायला एकेक वस्तू उघडायची आणि मागे यायचे. तोवर आधीचा आकडा विसरलेला! शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. तात्पुरत्या स्मरणात सातेक गोष्टीच मावतात, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्येच मांडले होते. चौकटींऐवजी एकाखाली एक यादी असली, तर निदान गुणधर्म तरी वाचले जातात. त्यात भर म्हणजे चौकटींच्या वरच्या रांगा ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे देऊन केलेली जाहिरात, आणि नेमका तोच शब्द फिकट, बारीक अक्षरांत. वस्तू शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता काही ठिकाणी असतो म्हणे. सापडेल तर शपथ.

– एक ग्राहक