दुपारी बागेचं गेट उघडं ठेवा, वायफाय नाही दिलं तरी चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून जास्त बागा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा सकाळी दहा-अकराला बंद होतात त्या थेट संध्याकाळी चारच्या आसपास उघडतात. म्हणजे जॉगिंगवाल्यांची सोय झाली, हास्यक्लबवाल्यांची झाली, संध्याकाळी पोरांना घसरगुंडीवर सोडणाऱ्या आयांचीही झाली, पण ज्याला मधल्या वेळात दोन तास झाडाखाली बसून लॅपटॉपवर काम करायचंय त्याच्यासाठी गेटला कुलूप. वर्क फ्रॉम होमवर आपल्याकडे बोलून बोलून झालं, पण त्या होममधे काम होतच नसेल तर माणसाने जायचं कुठे यावर कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

घरात का होत नाही ते कोथरूड-कर्वेनगरच्या लोकांना मी काय सांगणार. गल्लीत एक तरी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली असतेच, सकाळी ब्रेकर सुरू होतो तो फक्त जेवायच्या सुट्टीत थांबतो, खिडक्या लावल्या तर उकडतं आणि उघडल्या तर कीबोर्डवर सिमेंटची पूड. त्यात वन बीएचके, सासूबाईंची मालिका, मुलाची परीक्षा. कॅफे आहेत की, असं कोणीतरी म्हणणारच. आहेत, पण तिथे एका कॉफीला दोनशे-अडीचशे जातात आणि तासाभराने वेटर टेबल पुसायला येतो, पुसलेलंच टेबल परत पुसतो, मग आपल्याला कळतं काय ते आणि आपण भूक नसताना सँडविच मागवतो. को-वर्किंगचं महिन्याचं भाडं बऱ्या पगारवाल्याला परवडेल, नुकतं फ्रीलान्सिंग सुरू केलेल्या मुलीला किंवा ऑनलाइन टेस्ट सिरीज देणाऱ्या एमपीएससीच्या पोराला नाही. ती पोरं बिचारी सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधे महिन्याचे पैसे भरून दिवसभर बसतात, वर पंखा आणि समोर प्लायवूड.

मग बाहेर, मोकळ्यावर, फुकटात कुठे बसायचं? विद्यापीठात जयकर ग्रंथालयाच्या आसपास झाडांखाली मुलं पुस्तकं पसरून बसलेली दिसतात, बघून हेवा वाटतो, पण ते त्यांचं आवार, तिथे आपण उपरे. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, बसायला जागा केली, ते छानच झालं, भेळ खात गप्पा मारायला उत्तम, पण हॉर्नच्या आवाजात मीटिंग होत नाही आणि टेबल नाही म्हणून लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागतो, अर्ध्या तासात मान धरते आणि मांडी भाजते ती वेगळीच. वेताळ टेकडीवर रेंज मस्त मिळते, पण भर दुपारी एकट्या बाईने तिथे जाऊन बसावं असं मी कोणाला सांगणार नाही. मैत्रिणीबरोबर गेले होते एकदा, तर ऐन क्लायंट कॉलमधे मोर ओरडला आणि बंगळुरूहून अगदी काळजीने प्रश्न आला, कोणाचं बाळ रडतंय का, आधी त्याला बघून या.

आता उघड्यावर काम करायला लागतं काय, तर सगळे आधी वायफाय म्हणतात. मला नाही पटत. स्मार्ट सिटीच्या काळात फुकट वायफायचा खूप गाजावाजा झाला, पण मोबाइल नंबर टाका, ओटीपीची वाट बघा, आणि एवढं करून ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमला जोडणारं सुरक्षित कनेक्शन, त्याच्यावर चालेल का याची खात्री नाही, मुळात ओपन वायफायवर कंपनीचं काम करायला बऱ्याच ठिकाणी परवानगीच नसते. रेल्वे स्टेशनांवर फुकट वायफाय देणाऱ्या गूगलनेसुद्धा २०२० मधे तो प्रकल्प गुंडाळायचं जाहीर केलं, आणि कारण हेच दिलं की मोबाइल डेटा आता स्वस्त झालाय. खरंच आहे ते. ईमेल, एक्सेल, टायपिंग यांना डेटा असा कितीसा लागतो, व्हिडिओ मीटिंग तेवढी तासाला साधारण एक जीबी खाते, तीसुद्धा कॅमेरा बंद ठेवला की बऱ्याच कमीत भागते. आपापला हॉटस्पॉट पुरतो. आणि तरी कोणाला वायफायची हौसच असेल तर केंद्राने डिसेंबर २०२० मधे मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे, तिच्यात छोट्या दुकानदाराला लायसन्स न काढता आणि नोंदणी फी न भरता वायफाय विकता येतं. बागेच्या गेटवरच्या चहावाल्याने ते घेतलं तर त्याचा चहापण खपेल, महापालिकेला त्यात पडायचं कारण नाही. प्लग पॉइंटचंही तेच, पहिल्या पावसात गंजणार आणि दुरुस्तीची फाइल पुढच्या पावसापर्यंत फिरत राहणार. घरून चार्ज करून निघायचं, दोन-तीन तास कुठे गेले नाहीत.

पाहिजे ती सावली आणि टेबल. टेबल म्हणजे साधं, जमिनीत पक्कं केलेलं, अडीच फूट उंचीचं, आणि पाठ टेकता येईल असं बाक त्याच्या नीट जवळ. आपल्या बागांमधलं बाक आणि टेबल यांच्यात एवढं अंतर असतं की टेकून बसलं तर हात पोचत नाही आणि हात पोचवला तर टेकता येत नाही, हे डिझाइन करणाऱ्याने स्वतः तिथे बसून कधी डबासुद्धा खाल्ला नसावा. सावलीचं पण बघून घ्यायला लागतं. नुसती पत्र्याची शेड तापते. मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली गारवा छान, पण वर बगळ्यांची वस्ती असली तर कीबोर्डचं काय होईल ते सांगत नाही, आंबा किंवा कडुलिंब बघावा. ऊन पाठीवर आलं की स्क्रीनमधे आपलाच चेहरा दिसतो, म्हणून टेबलं उत्तर-दक्षिण की पूर्व-पश्चिम एवढा तरी विचार करून टाकावीत. आणि एप्रिल-मेमधे दुपारी बाहेर बसा असं मी म्हणतच नाहीये, बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे पारा चाळीसला टेकतो, मशीनही तापतं आणि माणूसही. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. पण ऑक्टोबरचा उष्मा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत पुण्यातली दुपार कशी असते ते सगळ्यांना माहितेय, आणि तीच नेमकी आपण कुलपात ठेवतो.

न्यूयॉर्कला ऑनसाइट जाऊन आलेला एक मित्र तिथल्या ब्रायंट पार्कचं फार कौतुक करतो. ती बाग १९९२ मधे दुरुस्त करून परत उघडली तेव्हा तिथे उचलून हलवता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या, म्हणजे ऊन सरकलं की माणूस खुर्ची घेऊन सावलीत सरकतो, वायफाय त्यानंतर दहा वर्षांनी आलं. आपल्याकडे सुटी खुर्ची ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी गॅलरीत सरकेल हे मान्य, म्हणून मी पक्क्या टेबलांवरच थांबतेय, पण आधी बसायची सोय आणि मग वायफाय हा क्रम तरी घ्यायला काय हरकत आहे.

आमच्या जवळच्या बागेतल्या वॉचमन काकांना विचारलं होतं दुपारी का बंद करता. म्हणाले, मॅडम, साफसफाई असते, झाडांना पाणी असतं, आणि दुपारी जोडपी येऊन बसतात, मग लोक तक्रार करतात. पहिल्या दोन गोष्टी पटल्या, त्या आलटून पालटून अर्धी बाग बंद ठेवूनही होतील. तिसरी नाही पटली. जोडप्यांनी बसू नये म्हणून अख्ख्या शहराने बसू नये हा काय न्याय झाला, आणि ती बसतातच, बागेत नाही तर नदीकाठी. उलट चार बायका लॅपटॉप उघडून बसलेल्या असल्या तर पाचवीला आत यायला भीती वाटत नाही. फक्त टॉयलेट उघडं हवं, स्वच्छ हवं, नाहीतर बायका तासाभराच्या वर बसूच शकत नाहीत, आणि हे मी टेबलाच्याही आधी लिहायला पाहिजे होतं खरंतर.

शिवाय गेट उघडलं तर फक्त लॅपटॉपवाले येणार नाहीत. दोन ऑर्डरींच्या मधे गाडीवरच आडवी झालेली डिलिव्हरीची पोरं, एका घरचं काम आटपून दुसऱ्या घरची वेळ होईपर्यंत सोसायटीच्या पायरीवर डबा खाणाऱ्या मावशी, यांना दुपारी टेकायला दुसरी जागा कुठेय? आमच्यासारख्यांकडे निदान कॅफेचे पैसे तरी असतात. आम्ही लॅपटॉपवाल्यांनी पण एक पाळावं, हेडफोन लावावेत, तुमचा स्प्रिंट रिव्ह्यू शेजारच्या आजोबांना ऐकायचा नसतो.

तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती एवढीच की या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत एक-दोन बागा दुपारभर उघड्या ठेवून बघा. संभाजी उद्यान घ्या, मेट्रो स्टेशन शेजारीच आहे, नाहीतर आमच्या कोथरूडचं थोरात उद्यान घ्या. दहा-बारा टेबलं टाका, टॉयलेटचं कुलूप काढा, दुपारच्या पाळीला एक वॉचमन वाढवा. टेबलांवर आजोबा लोकांनी पत्त्यांचा डाव मांडला तर त्यांच्याशी भांडायचं आमचं आम्ही बघून घेऊ.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे