मेंदूतील ‘आधारपेशी’ आणि आपला अपुरा शब्द

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अल्झायमर, कंपवात आणि तत्सम विकारांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी येणारे लेख मी आवर्जून वाचतो. त्यांत बहुतेक वेळा एक वाक्य असतेच : ‘या रोगात मेंदूतील चेतापेशी हळूहळू मरत जातात.’ वाक्य खोटे नाही. मात्र ते वाचून असा समज होतो की बिघाड फक्त चेतापेशींतच होतो आणि आजूबाजूच्या पेशींचा त्याच्याशी काही संबंध नसतो. गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने हा समज बराचसा मोडीत काढला आहे. तरीही आपल्या आरोग्यविषयक लेखनात चेतापेशींभोवतीच्या या पेशींचा, म्हणजेच ग्लिया पेशींचा, उल्लेख क्वचितच होतो, आणि झालाच तर ‘आधारपेशी’ एवढ्या एका शब्दात त्यांची बोळवण होते.

या उपेक्षेचे मूळ नावातच आहे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या पेशींना चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारा डिंक मानले, आणि ‘ग्लिया’ हा ग्रीक शब्दही चिकट पदार्थाचाच वाचक आहे. पुढे कितीतरी पिढ्यांनी त्यांच्याकडे डिंक म्हणूनच पाहिले. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मीही अनेक वर्षे ‘एका चेतापेशीमागे दहा ग्लिया पेशी’ असे वर्गात ठासून सांगत असे. मानवी मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी असतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने दाखवल्यावर मला माझ्या टिपणांत दुरुस्ती करावी लागली. संख्येचा मोठेपणा गेला, पण याच काळात त्यांच्या कामाचे महत्त्व मात्र वाढतच गेले.

त्यांपैकी ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे एक काम जरा विस्ताराने सांगतो. चेतापेशी एकमेकींना संदेश देताना ग्लुटामेट हे रसायन सोडतात. संदेश पोहोचताच ते चेतासंधीतून, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्यातून, त्वरित हटवले गेले नाही, तर समोरची चेतापेशी सतत उत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत राहते आणि अखेर ती मरते. हे ग्लुटामेट शोषून घेण्याचे काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइट करतात. त्याचे निरुपद्रवी ग्लुटामाइनमध्ये रूपांतर करून ते पुन्हा वापरासाठी चेतापेशींना परत देतात. स्नायूंवरील ताबा क्रमाक्रमाने नाहीसा करणाऱ्या एएलएस या विकाराच्या रुग्णांत ग्लुटामेट शोषणारे ॲस्ट्रोसाइटमधील प्रथिन लक्षणीयरीत्या घटलेले असते, हे 1995 मध्ये दिसून आले. याच विकारावर वापरले जाणारे रिलुझोल हे औषध ग्लुटामेटचे स्रवण कमी करते. त्याचा लाभ काही महिन्यांच्या आयुष्यापुरताच आहे, पण ग्लुटामेटचा निचरा हा केवळ पाठ्यपुस्तकातला विषय नाही, हे त्यावरून कळते.

एएलएसचाच आणखी एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. काही कुटुंबांत हा विकार एसओडी-1 या जनुकातील दोषामुळे उद्भवतो. 2003 मध्ये संशोधकांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या शरीरात सदोष जनुकाच्या आणि निर्दोष जनुकाच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. निर्दोष पेशींच्या शेजारी असलेल्या सदोष चेतापेशी अपेक्षेपेक्षा बराच काळ तगल्या. उलट सदोष पेशींनी वेढलेल्या निर्दोष चेतापेशींतही ऱ्हासाची चिन्हे दिसू लागली. दोष कोणाचा आणि मरण कोणाचे, हा प्रश्न त्या उंदरांनी फारच गुंतागुंतीचा करून ठेवला. चेतापेशी वाचेल की नाही हे काही अंशी तिच्या शेजाऱ्यांवर ठरते, एवढे मात्र त्यातून निर्विवादपणे दिसले.

मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींकडेही पाहावे लागते. मृत पेशींचे अवशेष आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचे थर गिळून टाकणे, त्या थरांभोवती कडे करून त्यांचा उपद्रव रोखणे, ही त्यांची कामे. ट्रेम-2 हे जनुक मेंदूत प्रामुख्याने याच पेशींत कार्यरत असते आणि त्यातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे 2013 मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे सफाई करणारी पेशी दुबळी झाली, तरी त्याची किंमत चेतापेशीलाच मोजावी लागते. अक्षतंतूंवर, म्हणजे चेतापेशींच्या संदेशवाहक लांब तंतूंवर, मायलिनचे स्निग्ध आवरण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट त्या तंतूंना लॅक्टेटच्या रूपाने इंधनही पुरवतात, याचा येथे केवळ उल्लेख करतो.

मात्र या पेशींना सरसकट ‘रक्षक’ म्हणणेही मला पटत नाही. हुशार लेखकही येथे घसरतात. चिथावलेल्या मायक्रोग्लियाने सोडलेल्या काही रेणूंमुळे ॲस्ट्रोसाइट आपले पोषणाचे काम सोडून चेतापेशींना मारक ठरू शकतात, असे 2017 मध्ये दाखवण्यात आले. अल्झायमरसदृश उंदरांत मायक्रोग्लिया चेतासंधी प्रमाणाबाहेर गिळत असल्याचेही आढळले आहे. तीच पेशी एका टप्प्यावर वाचवते आणि दुसऱ्या टप्प्यावर घात करते. त्यामुळे ‘मेंदूतील दाह कमी करा, म्हणजे अल्झायमर टळेल’ असा सोपा निष्कर्ष निघत नाही. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाहशामक औषधे घेतल्याने हा विकार टाळता येतो का, हे तपासणारी एक मोठी चाचणी हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने 2004 मध्ये थांबवावी लागली, आणि तिच्यातून संरक्षण मिळाल्याचेही दिसले नाही. ट्रेम-2 ला चालना देणाऱ्या एका प्रतिपिंडाची (अँटीबॉडीची) अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचणीही 2024 मध्ये निष्फळ ठरली. दुसरीकडे, अमायलॉइड कमी करणारी लेकॅनेमॅबसारखी जी प्रतिपिंडे अलीकडे मान्यता पावली आहेत, ती रोगाचा वेग काहीशीच मंदावतात. पण तो थर साफ करण्याच्या कामात त्यांना मायक्रोग्लियाचीच मदत होते, असे मानले जाते.

माझी विनंती मर्यादित आहे. यापुढे या विकारांवरील लेखांत चेतापेशींच्या मृत्यूबरोबरच त्यांच्या भोवतालच्या पेशींचे काय झाले, हेही लिहावे. ‘आधारपेशी’ऐवजी ग्लिया किंवा त्या-त्या पेशीचे स्वतःचे नाव वापरावे, मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट हे शब्द वाचकांना एखाद-दोन लेखांनंतर नक्कीच परिचित होतील. आणि ‘मेंदूचा दाह घालवणारी’ पूरक औषधे सुचवणारा मजकूर छापण्यापूर्वी, ती नेमक्या कोणत्या पेशीवर आणि रोगाच्या कोणत्या टप्प्यावर परिणाम करतात आणि ते माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झाले आहे का, हे लेखकाला अवश्य विचारावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक