ग्राउटचा हिशेब गोण्यांत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोगद्याचं काम निघालं की 'पाणी आलं तर ग्राउट मारू' हे उत्तर ठरलेलं असतं. ग्राउट म्हणजे खडकाच्या भेगांत पंपाच्या दाबाने भरायचं सिमेंट-पाण्याचं मिश्रण. पण पाणी धो धो वाहू लागल्यावर मारलेला ग्राउट त्या पाण्यासोबतच बाहेर येतो, सिमेंट आवळायला वेळच मिळत नाही. भेगाळ खडक खोदायच्या आधी बांधून घ्यायचा असतो. जिथवर खोदाई झाली त्या खडकाच्या तोंडातून पुढे 15 ते 25 मीटर लांबीची भोकं छत्रीच्या काड्यांसारखी किंचित बाहेर पसरत मारायची, ती भरायची, मग सुरुंग. भरलेल्यापैकी शेवटचे पाच मीटर तरी न खोदता राखून पुढची फेरी घ्यायची.

भोक आधी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावं लागतं. बेळगावच्या बेसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी सापडते. तिच्यात सिमेंट शिरत नाही. माती धुऊन निघाली नाही, तर तिथे ग्राउटवर विसंबून चालत नाही, बोल्ट (खडकात ठोकलेल्या पोलादी सळया) आणि शॉटक्रीटचा (फवारून बसवलेल्या काँक्रीटचा) आधार द्यावाच लागतो.

मग पाण्याची चाचणी. 10 बार दाबाला (हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट) भोकाच्या एका मीटरमधून मिनिटाला 1 लिटर पाणी खडकात गेलं, तर तो 1 लुजॉन. हा आकडा हाती नसताना मिश्रण ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम. साध्या सिमेंटचा मोठा कण 0.1 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि भेग त्याच्या तिप्पट तरी रुंद लागते. त्याहून बारीक भेगेच्या तोंडाशी कण अडकतात, पंपाचा दाब चढतो आणि भोक भरलं असं वाटतं. तिथे अतिसूक्ष्म सिमेंटच हवं.

सिमेंटच्या पाचपट पाणी घालून केलेलं पातळ मिश्रण सहज आत जातं, म्हणून अजूनही वापरतात. ते काचेच्या उभ्या नळीत दोन तास ठेवून पाहा: सिमेंट तळाला, वर नितळ पाणी. भेगेतही हेच घडतं, आणि वरच्या रिकाम्या फटीतून पुन्हा गळती सुरू होते. दोन तासांत सुटलेलं पाणी 5 टक्क्यांच्या आत हवं. त्यासाठी पाणी सिमेंटच्या वजनापेक्षा कमी ठेवून प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारं रसायन) वापरावा.

दाबाचंही तसंच. डोक्यावरच्या दर मीटर खडकाचं वजन जेमतेम पाव बार दाबाइतकं. खानापूर-जांबोटीकडे जांभ्याखाली उथळ खोदताना बेसुमार दाब दिला तर खडकच उचलला जातो. दाब एकदम उतरून ग्राउटचा ओघ वाढला, की पंप तिथेच थांबवावा.

निविदेत मोबदला सिमेंटच्या संपलेल्या गोण्यांवर असेल, तर गोण्या संपतीलच. मोबदला ग्राउट भरण्याआधीच्या आणि नंतरच्या लुजॉन आकड्यांवर ठरवावा, तपासणीची भोकं वेगळी मारून. आणि बोगद्याच्या वाटेवरच्या गावांतल्या विहिरींची पातळी काम सुरू होण्याआधी किमान एक पावसाळा व एक उन्हाळा नोंदवून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

– स्थापत्य क्षेत्रातील काही वाचक, खानापूर